टिना उडाल्या त्या दुपारी

माझं माहेर पांढुर्ण्याचं. वडील शाळेत मास्तर होते आणि घर स्लॅबचं होतं. त्यामुळे लहानपणी आंधी आली की खिडक्या लावायच्या, गच्चीवरचे कपडे आणि वाळत घातलेल्या कुरडया धावत जाऊन आणायच्या आणि लाइट येईपर्यंत गप्पा मारत बसायचं, एवढंच मला ठाऊक. दुसऱ्या दिवशी बाजारातलं कोणाचं पाल उडालं, रेल्वेलाइनवर झाड पडून गाडी कुठं अडकली, हे ऐकायला मिळायचं. विजेची भीती वाटायची, नाही असं नाही. पण डोक्यावरचं छप्पर जाऊ शकतं, हे मला लग्नानंतर कळलं.

सासर सौसर तालुक्यातलं, बोरगावहून आत एका लहान गावात. घर गावाच्या टोकाला, मागं संत्र्याचा बगीचा. विटामातीच्या भिंती आणि वर टिना. आमच्या भागात पत्र्याला टिनाच म्हणतात. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात एका संध्याकाळी पश्चिमेकडून मातकट पिवळं आभाळ चढून आलं. मी कपडे काढायला अंगणात गेले, परत आले तर सासूबाई, सासरे आणि माझा नवरा तिघंही बैठकीत उभे. छपराच्या आडव्या लाकडी बल्लीला जाड दोर बांधलेला आणि तिघांनी तो धरलेला. वाऱ्याचा झोत आला की छप्पर वर उचललं जायचं, दोर ताणला जायचा आणि ही तिघं अंगाचा सगळा भार टाकून त्याला लटकायची. मला कोणी काही सांगितलं नाही. मी कोपऱ्यात उभी होते. मग एकदा सासूबाईंचे पाय जमिनीवरून उचलले गेलेले मला दिसले आणि मी धावत जाऊन दोर धरला. त्या दिवशी छप्पर राहिलं. माझे तळहात सोलून निघाले. सासूबाईंनी रात्री त्यांना हळद-तेल लावलं आणि म्हणाल्या, "आता तू या घरची झाली." त्या हसून म्हणाल्या, पण मला हसू आलं नाही. दरवर्षी हे असंच असतं का, एवढंच मी विचारलं. त्या म्हणाल्या, "असते. एखाद्या वर्षी जास्त असते."

पुढं मीही शिकले. चैत्र लागायच्या आत टिनांवरचे दगड तपासायचे, सिमेंटच्या रिकाम्या चुंगड्यांमध्ये रेती भरून वर ठेवायची, कडेच्या टिना तारेनं भिंतीतल्या खुंट्यांना बांधायच्या. आभाळ मातकट दिसलं की आधी चूल विझवायची, मग गाय सोडायची. गोठ्यावरही टिनाच, बांधलेलं जनावर पळू शकत नाही.

टीव्हीवर समुद्राकाठची वादळं दाखवतात. त्यांना नावं असतात, ती कुठवर आली ते नकाशावर दिसतं, माणसांना गाड्यांत भरून शाळांमध्ये नेऊन ठेवतात. सासरे बातम्या पाहताना एकदा म्हणाले होते, "त्यांले टाइम तरी भेटते." आमच्याकडे आभाळ दिसायला लागल्यापासून वारा अंगावर येईपर्यंत चहा उकळून होत नाही.

सासऱ्यांना मी मामाजी म्हणते. उंच, हाडापेराचा माणूस, बोलणं कमी. त्यांच्यासमोर मी डोक्यावरचा पदर कधी खाली येऊ दिला नाही, खाटेवर किंवा खुर्चीवर बसले नाही. काही सांगायचं असलं तर सासूबाईंकडून किंवा नवऱ्याकडून सांगायचं. सासूबाई गेल्यावर मधलं माणूस राहिलं नाही. तेव्हापासून मी ताट ठेवायची आणि दाराआड उभी राहायची. भाजी संपत आली की ते वाटीवर बोट वाजवायचे, मी वाढायची. आमचं वाईट काही नव्हतं. रीतच तशी होती आणि आम्हा दोघांनाही ती सोयीची होती.

त्या वर्षी होळीच्या आधी बगीच्यात संत्री तोडताना मामाजी शिडीवरून पडले आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. नागपूरला ऑपरेशन झालं, आत रॉड टाकला. पाय जमिनीला टेकवायचा नाही आणि पलंग उंच हवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून बैठकीतल्या लोखंडी पलंगाच्या पायांखाली विटा लावल्या. नवरा बोरगावच्या कारखान्यात कामाला. ड्युटीला जाण्याआधी आणि आल्यावर त्यांचं अंग पुसणं, कपडे बदलणं तो करायचा. दिवसा मी फक्त भांडं त्यांच्या हाताशी ठेवायची आणि उचलायची. तेवढ्या वेळात ते भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. मीही खाली बघायची.

वैशाखातली दुपार होती. नवरा ड्युटीवर, मुलगी सुट्टीत माझ्या माहेरी गेलेली. मी आतल्या खोलीत मशीनवर ब्लाउज शिवत होते. मोबाइल एकदम भोंग्यासारखा वाजला. हिंदीतून संदेश होता: आंधी, ओलावृष्टि म्हणजे गारपीट, सुरक्षित ठिकाणी जा. असे संदेश त्या महिन्यात कितीतरी आले होते आणि एकदाही काही झालं नव्हतं. मी आवाज बंद केला आणि बाही जोडायला घेतली.

मग लक्षात आलं की बाहेर काहीच हलत नाही. बगीच्यात दिवसभर पाखरांचा कालवा असतो, तो थांबला होता. मी अंगणात आले. पश्चिमेकडचं आभाळ जमिनीपासूनच पिवळं झालं होतं आणि त्या पिवळ्याच्या वर काळ्याचा एक जाड थर होता. असं आभाळ मी आधी पाहिलं नव्हतं. वर बघितलं तर रेतीच्या चुंगड्या उन्हानं विरून फाटल्या होत्या, रेती सांडून त्या निम्म्या झाल्या होत्या. आता वर चढून काही करण्याइतका वेळ नव्हता. मी गाय आणि वासरू सोडलं. गाय एरवी ढकलल्याशिवाय जात नाही, त्या दिवशी दोर सुटताच पळाली.

रस्त्याच्या पलीकडे शेजारच्या काकूंचं घर स्लॅबचं. मी धावत गेले. काकू एकट्याच होत्या, त्यांची मुलं शेतात.

"मामाजींले उचलाले कोणी आहे काय?" मी विचारलं.

"कोणीच नाही वं. तू तरी ये इकडं," त्या म्हणाल्या.

मी मागे फिरले. अर्ध्या रस्त्यात वारा आला. आला म्हणजे कोणी मागून धक्का द्यावा तसा आला. डोळ्यांत, तोंडात माती गेली. आमचं फाटक मला दिसेना, हातानं चाचपून सापडलं. घरात शिरून दार लावलं, कडी घातली, तरी दार आत-बाहेर हलत राहिलं.

मामाजी पलंगावर कोपरांवर उठून वर बघत होते. टिना थरथरत होत्या.

"तू संडासात जाऊन बस," ते म्हणाले. अंगणातल्या संडासावर तेवढा स्लॅब होता. "जाय लवकर."

"आन् तुमी?"

"मी कुठी जातो? जाय म्हणतो नं मी तुले."

"मी काही जात नाही."

मी त्यांना असं समोरासमोर उत्तर पहिल्यांदाच दिलं. ते ओरडले. वाऱ्याच्या आवाजात मला ते नीट ऐकूही आलं नाही. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, यांना इथून हलवायचं कसं. बल्लीचा दोर कोपऱ्यात होता, पण एकटीनं तो धरून काय होणार. एवढ्यात कोपऱ्यावरचं एक टीन उचकटलं आणि भिंतीवर आपटायला लागलं. त्या फटीतून पिवळा उजेड आत आला.

"गादीसकट खाली घे मले," मामाजी म्हणाले. आता ते ओरडत नव्हते. "पलंगाखाली."

मी गादीची कड दोन्ही हातांनी धरली आणि ओढली. हलली नाही. पाय पलंगाच्या दांडीला लावून पुन्हा ओढली. गादी सरकली, ती पलंगाच्या कडेवरून खाली वाकली आणि मामाजींचा भार माझ्या छातीवर आला. मी त्यांना काखेत धरलं. ज्या माणसाच्या मी फक्त पायांना हात लावलेला, त्याला मी पोटाशी धरून जमिनीवर घेत होते. पाय, पाय, एवढंच मला ऐकू येत होतं, ते मी म्हणत होते की ते, मला आजही सांगता येणार नाही. ते खाली आले तेव्हा त्यांच्या तोंडून कण्हल्यासारखा मोठा आवाज निघाला. वाटलं, रॉड निघाला. पण विचार करायला वेळ नव्हता. गादी आत ढकलली, गोधडी ओढून घेतली आणि मीही पलंगाखाली शिरले. विटा लावल्या म्हणून आम्ही दोघं त्याखाली मावलो.

त्यानंतरचं मला सलग आठवत नाही. टिना एकदम गेल्या नाहीत. आधी एक गेलं, फाटल्यासारखा आवाज करत. मग दुसरं. मग एक मोठा झटका बसला आणि सगळा आवाजच बदलला. तोवर वारा घराबाहेर होता, आता तो आत होता. बल्ल्या पडल्या. एक पलंगावर पडली, पलंग दणकला, पट्ट्या आमच्या तोंडापर्यंत खाली आल्या. विटा सरकल्या तर हाच पलंग आमच्यावर बसेल, हे मला तेव्हा सुचलं. वीज कडाडली की लोखंडाची भीती वाटायची, पण बाहेर निघायचं म्हटलं तर वर छप्परच नव्हतं.

मग गारा आल्या. लिंबाएवढ्या. त्या फरशीवर आपटून उड्या मारत पलंगाखाली येत होत्या. मामाजींच्या ऑपरेशनच्या पायावर मी गोधडी दुहेरी करून टाकली आणि ती वाऱ्यानं उडू नये म्हणून तिची कड बाहेरून दाबून धरली. माझा हात कोपरापर्यंत बाहेर राहिला. त्याच्यावर गारा पडत होत्या. पहिल्या काही गारांना जीव कळवळला, नंतर तो हात माझा नसल्यासारखा झाला.

डोक्यावर पदर नव्हता. तो कुठं गेला होता, देव जाणे. मामाजींचं तोंड माझ्यापासून वीतभर अंतरावर होतं. ते जामसांवलीच्या मारुतीचं नाव घेत होते. मधेच थांबले.

"सूनबाई," ते म्हणाले. "भेव वाटून राहिलं मले."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांचे ओठ थरथरत होते, लहान लेकराचे थरथरतात तसे. मी त्यांना आजवर घाबरलेलं पाहिलं नव्हतं, सासूबाई गेल्या तेव्हाही नाही.

"मले बी," मी म्हटलं.

त्यांनी माझं मनगट धरलं. मी सोडवलं नाही. पश्चिमेच्या भिंतीचा वरचा भाग कोसळला, त्याच्या विटा पलंगावर आणि आजूबाजूला पडल्या. दर वेळी काही पडलं की त्यांची पकड घट्ट व्हायची. मी मुलीचा विचार करत होते. ती माहेरी आहे, स्लॅबखाली आहे, हे मी मनात पुन्हा पुन्हा म्हणत होते. मग वाटलं, तिकडंही हेच चालू असेल तर? पांढुर्णा पश्चिमेलाच आहे, आभाळ तिकडूनच आलं. तिचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला तर आठवेना. त्या दुपारी सगळ्यात जास्त भीती मला त्याची वाटली.

वारा कमी झाला तेव्हा पाऊस राहिला, थंडगार. पलंगाच्या मोकळ्या बाजूला एक बल्ली आणि विटांचा ढीग पडला होता. मी लाथेनं ढकलून बघितलं, हलला नाही. मोबाइल मशीनजवळ राहिला होता. आम्ही तसेच पडून राहिलो. फरशीवर गारांचा थर साचला होता आणि वैशाखात आम्ही दोघं थंडीनं कुडकुडत होतो.

"पाय दुखते काय?" मी विचारलं.

"समजूनच नाही राहिलं," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "गाय सोडली होती नं?"

"सोडली."

"बरं केलं."

रस्त्यात झाडं आडवी पडली होती म्हणून नवरा बोरगावहून पायी आला. त्यानं नंतर सांगितलं की वळणावरून आपलं घर दिसतं, पण त्या दिवशी तिथं नुसत्या भिंती दिसल्या. मला त्याची हाक ऐकू आली. "बाबा" म्हणून हाक मारली, मग माझ्या नावानं. मला ओरडायचं होतं, पण घशातून आवाजच निघत नव्हता. मामाजींचाही आवाज बसलेला. कडी तुटून दार केव्हाच उघडलं होतं, पण तो दारातूनच परत फिरला. त्याला वाटलं, घरात कोणी नाही, किंवा आहेत ते बोलायच्या पलीकडे गेले. त्याचं रडणं आम्हाला आतून ऐकू येत होतं. त्याच्या रडण्याचा आवाज मी तोवर ऐकला नव्हता. मी एक वीट उचलून पलंगाच्या पायावर मारायला लागले. टण्, टण्. त्यानं ते ऐकलं.

काकूंची मुलं आणि तो, तिघांनी मिळून बल्ली बाजूला केली. नवरा आधी वडिलांकडे वाकला तर मामाजी म्हणाले, "पहिले तिले काढ. हात पाह्य तिचा."

तेव्हा मी हात पाहिला. कोपरापासून बोटांपर्यंत काळानिळा, पंजा फुगून दुप्पट झालेला. मला तो बघूनही काही वाटलं नाही. माझी नजर पदर शोधत होती. मुलांमागून आलेल्या काकूंनी आपल्या खांद्यावरचा टॉवेल माझ्या डोक्यावर टाकला, आणि तेव्हा कुठं मला रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी माहेरचा फोन लागला. तिकडं नुसती धूळ आणि थोडा पाऊस. मुलगी म्हणाली, आई, इथं गाराच नाही पडल्या. तिला वाईट वाटत होतं.

मामाजींच्या पायाचा फोटो सौसरला काढला. डॉक्टर बराच वेळ तो उजेडासमोर धरून बघत राहिले, मग म्हणाले, रॉड जागेवर आहे. माझ्या हाताची दोन बोटं मोडली होती. ती जुळली, पण सुई धरताना अजून अवघडतात. बगीच्यातली लहान हिरवी संत्री जमिनीवर गालिच्यासारखी पसरली होती. काही दिवसांनी ती सडायला लागली तेव्हा त्यांचा आंबूस वास सगळ्या गावात भरला. आमच्या टिना नाल्यापलीकडे सापडल्या, कागदासारख्या चुरगळलेल्या. गाय दोन दिवसांनी वासराला घेऊन आपली आपण आली.

पावसाळ्यापर्यंत आम्ही काकूंच्या मागच्या खोलीत राहिलो. नवऱ्यानं नंतर लोखंडी पाइपांवर टिना नटबोल्टनं बसवल्या. लोक येऊन बघतात आणि म्हणतात, आता काही खतरा नाही. मी मान हलवते.

मामाजी आणि मी त्या दुपारबद्दल कधी बोललो नाही. माझा पदर पुन्हा डोक्यावर आला. ते पुन्हा वाटीवर बोट वाजवायला लागले. लोकांना वाटत असेल की अशा प्रसंगानं माणसं जवळ येतात. आम्ही आलो की नाही, मला माहीत नाही. वारा सुटला की ते मला हाक मारतात आणि मी कामं सोडून बैठकीत येते, एवढं खरं.

भीती मात्र गेली नाही. रस्त्यानं टिना लादलेली ट्रॉली खडखडत गेली तरी माझ्या हाताला मुंग्या येतात. शेजारी कोणी पत्र्यावर हातोडा मारला तर मी आधी वर बघते, मग कुठून आवाज आला ते बघते. मुलीच्या हे लक्षात आलं आहे. तीही आता वर बघते, आणि ते मला आवडत नाही.

मोबाइलवर संदेश आला की आता आम्ही वाट बघत नाही. या वर्षी चैत्रात आला तेव्हा नवरा ड्युटीवरच होता. मी चूल विझवली, गाय सोडली, पिण्याचं पाणी आणि मामाजींच्या गोळ्या पिशवीत टाकल्या. मामाजी काठीनं चालतात, हळू. रस्ता ओलांडायला आम्हाला वेळ लागतो, म्हणून लवकर निघतो. पहिल्यांदा असं गेलो तेव्हा गावातली माणसं गालात हसली होती. या वेळी काकूंच्या खोलीत गेलो तर टिनांच्या घरांतली आणखी दोन कुटुंबं आधीच येऊन बसलेली. कोणी कोणाला काहून आले म्हणून विचारलं नाही. काकूंनी सगळ्यांना चहा दिला. मामाजी खिडकीपासून लांब, भिंतीला टेकून बसले. मी मुलीला जवळ घेतलं.

सगळे कान देऊन बसले होते. बाहेर एकदा धूळ उठली, एक बादली कुठंतरी गडगडत गेली. एका लेकरानं आईच्या पदरात तोंड घातलं. मग धूळ बसली. ऊन पडलं. तरी कोणी लगेच उठलं नाही. बऱ्याच वेळानं मामाजी म्हणाले, "चाला, गेलं." आम्ही घरी आलो. मी अंगणातला पाचोळा झाडला, गाय बांधली आणि भाताला आधण ठेवलं.